डोरीनच्या सायकलचं हँडल

रॉडनी बॅराक्लफला पॅकिंग या शब्दाचाच राग. दोन भाग एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून मध्ये काहीतरी कोंबून बसवायचं, या प्रकाराची त्याला भारी चीड. सायकल क्लबातल्या कुणाच्या सीटखाली साधा पत्र्याचा तुकडा दिसला, तरी भर चहाच्या वेळी उठून तो त्याची खरडपट्टी काढायचा. "सायकल आहे का डुगडुगतं टेबल? कागदाची घडी सारली खाली की झालं, काय?" एकतीस वर्षं त्यानं कॉल्डर खोऱ्यातल्या बस डेपोत गाड्यांचे ब्रेक सांभाळलेले. चालेल, भागेल, नंतर बघू, हे शब्द रॉडनीच्या तोंडी कधी यायचे नाहीत, असं सगळे म्हणायचे आणि तोही ते मान डोलावून कबूल करायचा. आता सांगा, अशा माणसानं कुणाच्या तरी सायकलला पॅकिंग घालावं? आणि तेही डोरीनच्या?

डोरीन हॉइल म्हणजे क्लबची चिटणीस. अडुसष्ट वर्षांची, बुटकी, बोलायला फटकळ. नवरा गेल्यापासून घरात एकटी. दर रविवारी क्लबाबरोबर सायकल, दर बुधवारी मोटार काढून भावाला भेटायला स्किप्टनला, हा तिचा नेम. सायकल वीस वर्षांपूर्वीची, आधी नवरा चालवायचा ती, जांभळी, पोलादी माउंटन बाइक. दगडावर आपटली तर दगडानंच माफी मागावी अशी. पण सरळ हँडल धरून धरून तिची मनगटं दुखायला लागली होती.

"नवी सायकल मला नको," ती रॉडनीला म्हणाली. "हिलाच ते शर्यतीच्या सायकलचं खाली वळलेलं हँडल लाव. हात ठेवायला चार जागा मिळतात. एक जागा दुखली की दुसरी."

रॉडनीची बायको शीला शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा सात महिने दर मंगळवारी डोरीन भाजलेल्या खिमा-बटाट्याचा ट्रे घेऊन दारात उभी राहायची. आत यायची, शीलाचे केस विंचरायची, रॉडनीला म्हणायची, "जा, तासभर फिरून ये, तोंड बघ जरा आरशात." त्या बाईनं काही मागितलं आणि रॉडनी नाही म्हणेल, हे शक्यच नव्हतं.

काम दिसायला सोपं. डोरीनचे हात आखूड, म्हणून हँडल पकडणारी मान, जिला सगळे स्टेम म्हणतात, ती त्यानं आखूड आणि उंच निवडली. वळलेलं हँडल त्याच्या शेडमध्ये होतंच. शनिवारी संध्याकाळी बसवायला घेतलं तर हँडल मानेत सैल. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. हँडलचा मधला भाग पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर, मानेचं तोंड सव्वीस. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासाच जास्त. पण तेवढा फरक म्हणजे बोल्ट कितीही आवळा, पकड अर्धीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला क्लबाची शरदातली मोठी फेरी निघणार होती. दुकानं बंद. डोरीन दोनदा फोन करून विचारून चुकलेली, "झाली का रे माझी नवरी तयार?" रॉडनीनं खिडकीतला जिंजर बिअरचा रिकामा हिरवा डबा उचलला, कात्रीनं पट्टी कापली, हँडलभोवती दोन वेढे दिले आणि बोल्ट आवळले. लोंबकळून बघितलं. हललं नाही. हा आठवडा तात्पुरतं, असं तो स्वतःशीच म्हणाला. पुढच्या रविवारी डोरीननं त्याच्या गळ्यात पडून सांगितलं की मनगटं अजिबात दुखली नाहीत. त्यानंतरच्या रविवारी त्याला सर्दी झाली. मग तो विसरला. खरंच विसरला. विसरला हेच त्याला नंतर सगळ्यात जास्त खात राहिलं, कारण एकतीस वर्षांत एका बसचा ब्रेक तो कधी विसरला नव्हता.

नोव्हेंबरात एका रविवारी गावाबाहेरच्या दगडी फरसबंदीच्या उतारावर डोरीन पुढे होती, रॉडनी तिच्या मागे. बाकीचे वळणापलीकडे गेलेले. तिनं ब्रेक दाबला, अंगाचं वजन हातांवर आलं आणि हँडल मानेतल्या मानेत फिरून खाली गेलं. रॉडनीनं ते बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. डोरीन हँडलवरून पलीकडे गेली. डाव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं, हनुवटीला सहा टाके पडले.

"हातच गेले रे खालून," रस्त्यावर पडल्या पडल्या ती म्हणत होती. "काय झालं कळलंच नाही. हातच गेले."

तेव्हा बोलायला हवं होतं. रॉडनी तिच्या डोक्याखाली आपला कोट घालत होता आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "बोलू नकोस, पडून राहा." ॲम्ब्युलन्स गेल्यावर त्यानं सायकल व्हॅनमध्ये घातली, घरी नेली. मानेच्या तोंडातून हिरव्या पत्र्याची कड बाहेर आली होती. ती त्यानं पक्कडीनं ओढून काढली. फेकून द्यायला कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला आणि परत आला. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या चपट्या डबीत तो तुकडा टाकून त्यानं ती खिशात ठेवली. का ठेवली, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. तेव्हापासून डबी त्याच्या खिशातच राहिली, पण पेपरमिंट खायची त्याची इच्छा मेली.

इस्पितळात डॉक्टरांनी डोरीनला विचारलं, चक्कर आली होती का? लीड्सहून धावत आलेल्या तिच्या मुलीनं, हेलननं विचारलं, हातांना मुंग्या येतात का, वस्तू पडतात का? डोरीन खरं बोलणारी बाई. म्हणाली, आता तुम्ही विचारताय तर गेल्या महिन्यात एक कप पडला खरा. झालं! एका कपावरून सगळ्यांनी ठरवलं की हिचं वय झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोरीननंही ठरवलं.

डिसेंबरात क्लबाचं वार्षिक जेवण. त्या जेवणात एक थट्टेचं बक्षीस असतं: वर्षातल्या सगळ्यात मूर्ख पडण्याला. लाकडाच्या फळीवर ठोकलेलं एक वाकडं दातेरी चक्र, खाली पितळेच्या पट्ट्या, पट्ट्यांवर नावं. तळ्यात गेलेल्याचं नाव आहे, उभ्या गाईला धडकलेल्याचं आहे. त्या वर्षी डोरीनचं आलं. हात झोळीत घेऊन ती पुढे गेली आणि म्हणाली, "रस्ता चांगला, सायकल चांगली, रॉडनीनं लावलेलं हँडल त्याहून चांगलं. खराब एकच भाग, म्हातारी! त्याचा सुटा भाग कुठं मिळत असेल तर कळवा." सगळे पोट धरून हसले. रॉडनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. थांबलो तर कुणीतरी आपल्याकडे बघेल, अशी त्याला भीती वाटत होती. घरी येऊन तो कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिला. स्वतःच्या तळहातांची त्याला किळस आली.

मग सुरू झाला हँडलचा शोध. जुनं हँडल पडताना वाकलं होतं, ते बदलायचं, असं त्यानं डोरीनला सांगितलं. आणि त्याला हवं होतं ते हँडल काही कुठल्याही दुकानात मिळण्यातलं नव्हतं. मध्ये नेमकं सव्वीस. रुंद, कारण खडकाळ वाटेवर अरुंद हँडल हिसके देतं. खालचं वळण उथळ, कारण डोरीन वाकू शकत नाही. टोकं बाहेरच्या बाजूला फाकलेली. दुकानातली आजची हँडलं मध्ये जाडजूड. जुन्या शर्यतीची हँडलं अरुंद आणि खोल. जानेवारीत त्यानं चार आणली, फेब्रुवारीत सात. शेडच्या भिंतीवर अकरा हँडलं टांगली आणि एकही बरोबर नव्हतं.

हेही खरं की मानच बदलली असती तर काम एका दुपारात झालं असतं. रॉडनीला हे कळत नव्हतं असं नाही. पण हँडल सापडत नाही तोवर सायकल शेडमध्ये, सायकल शेडमध्ये तोवर डोरीनशी त्या विषयावर बोलायला नको. "अजून शोधतोय गं," असं म्हटलं की भागायचं. चालेल, भागेल, नंतर बघू. बघा, आले की नाही तेच शब्द तोंडी!

मार्चच्या पहिल्या रविवारी गावातल्या सभागृहात सायकलींच्या जुन्या सामानाचा बाजार भरला. सकाळी नऊलाच टेबलं मांडलेली, पेट्यांत चेन, ब्रेक, चाकांचे आस. टोप्या घातलेले म्हातारे पेट्यांत कोपरापर्यंत हात घालून उभे. सिरिल नावाचा एक माणूस दरवर्षी डोंगरापलीकडून, लँकशरमधून येतो. त्याच्या टेबलाखाली पेट्यांच्या मागे रॉडनीला ते दिसलं. त्यानं गुडघ्यावर बसून ओढून काढलं. रुंद, उथळ, टोकं फाकलेली. खिशातून व्हर्नियर काढून मध्ये लावला. सव्वीस. नेमकं सव्वीस.

"जपानी आहे," सिरिल वरून म्हणाला. "तीस वर्षांचं असेल. कशाला हवंय? तुझं तोंड असं का झालंय गड्या, सोनं सापडलं का हाडूक?"

"माउंटन बाइकला लावायचंय. मानेचं तोंड सव्वीस आहे."

"मग आधी काय होतं त्यात?"

"पंचवीस चार."

सिरिल खो खो हसला. शेजारच्या टेबलावरच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "ऐकलंस? सव्वीसात पंचवीस चार! म्हणजे डब्याचा पत्रा! कुठल्या गाढवानं केला हा शहाणपणा? असल्याला दोरीनं बांधून त्याच सायकलवरून उतारावर सोडायला पाहिजे."

"आधीच्या मालकानं केलं असेल," रॉडनी म्हणाला. वाक्य किती सहज आलं! त्याचं त्यालाच नवल वाटलं. आधीचा मालक म्हणजे डोरीनचा नवरा. मेलेल्या माणसावर ढकललं आपण. हँडल काखोटीला मारून तो टेबलांमधून निघाला.

सभागृहाच्या टोकाला चहाचं टेबल. तिथं डोरीन. हात बरा झाला होता, पण किटली ती आता दोन्ही हातांनी उचलायची, जपून, जणू दुसऱ्या कुणाचे हात उसने आणलेत. रॉडनीला बघून तिनं न विचारता कडक चहा ओतला, बेकन घातलेला पाव पुढे सरकवला.

"मिळालं का शेवटी?" हँडलाकडे बघून ती म्हणाली. "छानच आहे की रे. बघ, एक काम कर. ते लाव आणि एखाद्या तरण्या पोरीला देऊन टाक सायकल. उगाच शेडमध्ये गंजेल."

"देऊन टाक म्हणजे?"

"अरे, सांगितलं नाही का तुला? शुक्रवारी सही करतेय. म्हाताऱ्यांच्या त्या नव्या इमारतीत खोली मिळालीय. खाली बाई असते चोवीस तास, भिंतीला दोरी असते, पडलं की ओढायची. शेड नाही, बाग नाही. हेलन म्हणते तेच बरं." तिनं पुसलेला कप पुन्हा पुसला. "मोटार जानेवारीतच विकली मी."

"मोटार विकलीस? मग बुधवारी स्किप्टनला…"

"नाही जात. ज्या हातांना सायकलचं हँडल धरवत नाही, त्यांनी स्टिअरिंग धरावं? उद्या कुणाचं पोर आलं पुढे, तर? नको रे बाबा. भाऊ फोनवर बोलतो. ऐकू येत नाही त्याला, पण बोलतो."

ती हसली. रॉडनीनं कप टेबलावर ठेवला. हाडं जुळली, टाके निघाले, म्हणजे आपण केलेलं बरंचसं भरून आलं, असं तो चार महिने धरून चालला होता. आणि ही बाई इकडे एकेक करून मोटार, भाऊ, बाग, घर सगळं सोडत चालली होती. त्याच्या जिंजर बिअरच्या एका डब्यापायी.

मागे रांगेत दोघं चहासाठी उभे होते. रॉडनीनं खिशातून चपटी डबी काढली, उघडली आणि तो तुकडा कपांच्या मध्ये टेबलावर ठेवला. हिरवा, दोनदा वळवलेला, एका कडेला घासून पांढरा पडलेला.

डोरीन चाळीस वर्षं सायकलवाल्यांत वावरलेली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं तुकडा उचलला, बोटाभोवती गुंडाळून बघितला. मग हँडलाकडे बघितलं.

"माझ्या?"

"तुझ्या. मीच घातला. घाई होती, नंतर काढणार होतो आणि विसरलो. तू पडलीस तेव्हा मी मागेच होतो डोरीन, हँडल फिरलेलं मी बघितलं. तुझे हात नव्हते सुटले. तुझ्या हातांना काही झालेलं नव्हतं."

"आणि हे कधी काढलंस?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"म्हणजे मी ऑपरेशनच्या टेबलावर होते तेव्हा."

रॉडनीनं होकारार्थी मान हलवली. डोरीननं तुकडा खाली ठेवला, किटली उचलली आणि मागच्या दोघांना चहा ओतला. एकाला दूध, दुसऱ्याला दोन चमचे साखर. ते गेल्यावर म्हणाली, "हाड मोडलं त्याचं काही नाही. हाडं मोडतात. पण चार महिने मी रोज सकाळी उठून हे असे हात समोर धरून बघत होते, थरथरतात का म्हणून. आणि तू मला बघत होतास." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मंगळवारी सायकल घेऊन ये. आता सरक, रांग लागलीय."

मंगळवारी तो गेला. तिच्याच शेडमध्ये त्यानं नवं हँडल मानेत सरकवलं. कशाचीही मदत न लागता ते बसलं. बोल्ट आवळायला त्यानं किल्ली उचलली तर डोरीननं हात पुढे केला.

"दे इकडे. मी आवळते."

"डोरीन, मी नीट…"

"दे म्हटलं ना."

तिनं चारही बोल्ट आवळले, एकेक करून, ओठ दाबून. मग हँडलवर सगळं वजन टाकून लोंबकळली. पुन्हा आवळले. रॉडनी किल्ल्यांची पेटी धरून उभा होता. या गावात गेली वीस वर्षं त्यानं बसवलेलं काम कुणी तपासून बघितलं नव्हतं. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, ब्रेक दाबत उतारानं खाली आली. दोन्ही हात हँडलवर घट्ट. उतरली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं असेल किंवा नसेलही.

"शुक्रवारची सही?" त्यानं हळूच विचारलं.

"सही नाही करत म्हणून कळवलंय. हेलनला मी सांगितलं नाही अजून का ते. ते तू सांगायचंस." ती आत गेली आणि बक्षिसाचं ते वाकडं चक्र घेऊन आली. "आणि हे. गुरुवारी क्लबात सगळे असतील. डिसेंबरात सगळ्यांसमोर झालं होतं ना? मग हेही सगळ्यांसमोर."

गुरुवारी क्लबाच्या खोलीत तीसेक माणसं होती. रॉडनी उभा राहिला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "गप्प रे, आता कुणाच्या तरी पॅकिंगवर भाषण!" आणि हशा पिकला. रॉडनीनं तो हशा संपू दिला. मग चक्र टेबलावर ठेवलं, शेजारी हिरवा तुकडा ठेवला आणि सगळं सांगितलं: डबा, सर्दी, विसरणं, पक्कड, डबी. डिसेंबरातल्या टाळ्या. सिरिलला काय सांगितलं, तेही सांगितलं, डोरीनच्या नवऱ्याची माफी मागितली. पट्टीवरचं नाव बदलून घेतलंय, असं शेवटी म्हणाला आणि फळी वर धरली. बाजारात किल्ल्या करून देणाऱ्यानं कोरलेलं रॉडनीचं नाव दिव्याखाली चकचकत होतं.

थट्टेचं बक्षीस होतं ते. आजवर ते घेताना कुणी हसलं नाही, असं झालं नव्हतं. पण त्या खोलीत कुणी हसलं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. ज्यांची त्यानं वर्षानुवर्षं खरडपट्टी काढली होती ते सगळे आपापल्या कपात बघत बसले. रॉडनी फळी हातात धरून उभाच होता.

मग मागच्या रांगेतून टाळ्यांचा आवाज आला. डोरीन उभी होती. एकटीच टाळ्या वाजवत होती, बरा झालेला हात न जपता, डिसेंबरात त्यानं वाजवल्या होत्या तितक्याच जोरात.